कोंबडीत सिद्ध, माणसात संशयित

मुळशीतल्या पिरंगुट-पौडच्या पट्ट्यात किंवा शेजारच्या मावळात, अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या एखाद्या शेडमध्ये कधीतरी एक तलंग भाताच्या तुसावर कलती पडलेली दिसते. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. डोळे उघडे, मान हलते, दाणाही खावासा वाटत असतो, पण भांड्यापर्यंत सरकता येत नाही. अनुभवी पोल्ट्रीवाला दुरूनच ‘मॅरेक्स’ म्हणतो आणि तिला उचलून बाजूला करतो. डॉक्टरांनी पक्षी फाडून पाहिला तर मांडीतली जाड नस दुप्पट-तिप्पट सुजलेली, यकृतावर आणि प्लीहेवर पांढरट गाठी. काही पक्ष्यांत पिसं उपटल्यावर खरा प्रकार दिसतो. पिसांची मुळं जिथे रुतलेली असतात, तिथे कातडीवर टणक फोड उठलेले असतात. वरून पाहणाऱ्याला ते पुरळ वाटावं. प्रत्यक्षात तो कर्करोग आहे, लिम्फोमा आहे, आणि तो कातडीत वाढतो आहे.

हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन छापलं, म्हणून त्यांचं नाव रोगाला चिकटलं. त्यांना वाटलं होतं, ही नसांची सूज आहे. गाठींमागे एक हर्पिस जातीचा विषाणू आहे हे कळायला १९६७ उजाडलं. इंग्लंडमधल्या हॉटनच्या कुक्कुट संशोधन केंद्रात चर्चिल आणि बिग्ज यांनी तो शोधला. हर्पिसच्या घराण्यात आपल्या कांजिण्यांचाही विषाणू येतो. कोंबडीतला हा विषाणू तिच्या टी-पेशींमध्ये, म्हणजे शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. तिथे त्याचं एक जनुक पेशीला विभागणीच्या कामाला जुंपतं, आणि विषाणू आपला डीएनए त्या पेशीच्या गुणसूत्रांच्या टोकांना जोडून टाकतो. बाहेर पडायची त्याची वाट मात्र वेगळी आहे. पिसांच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या पेशींमध्ये तो पूर्ण तयार होतो आणि झडणाऱ्या कोंड्याबरोबर शेडभर पसरतो. शेडमधली जी धूळ आपल्या नाकाला झोंबते, तिच्यात तो महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून नवी बॅच आणण्याआधी जुनं तूस पूर्ण काढून शेड धुतात, चुना मारतात आणि काही दिवस मोकळी ठेवतात.

आज हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली ०.२ मिलिलिटर लस टोचली जाते. ही लस द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. काचेची ॲम्प्युल काढून कोमट पाण्यात वितळवायची, पातळ करायची आणि तासाभरात संपवायची. उशीर झाला की लसीतल्या जिवंत पेशी मरतात आणि टोचलेलं फुकट जातं. टर्की पक्ष्यातला एक निरुपद्रवी भाऊबंद विषाणू वापरून अमेरिकेत ही लस तयार झाली ती १९७० च्या सुमारास. कर्करोग रोखणारी लस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरली गेली ती कोंबड्यांमध्ये. माणसासाठी हिपॅटायटिस बीची लस १९८० च्या दशकात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची २००६ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक तर परवाची, २०२२-२३ ची. पक्ष्यांची लस मात्र रोग रोखते, लागण रोखत नाही. लस घेतलेला पक्षी ठणठणीत राहून विषाणू सोडत राहतो. त्यामुळे जहाल वाणांना फिरायला रान मोकळं मिळतं, असं २०१५ मध्ये अँड्र्यू रीड यांच्या गटानं प्रयोगानं दाखवून दिलं. हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

कोंबडीच्या निमित्तानं एक शंका आधीच मिटवून टाकू. मॅरेक्सचा विषाणू माणसाला रोगी करत नाही. पोल्ट्रीत काम करणाऱ्यालाही नाही, चिकन खाणाऱ्यालाही नाही. २००१ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं माणसांच्या रक्तद्रवात या विषाणूचा डीएनए सापडल्याचं छापलं तेव्हा खळबळ उडाली होती. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटानं काळजी घेऊन तपासलं तर काहीही नव्हतं. डीएनए वाढवून पाहणारी पीसीआर चाचणी इतकी तीक्ष्ण असते की प्रयोगशाळेत कुठूनसा उडून आलेला एखादा तुकडाही ती पकडते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता माणसाकडे वळू.

आपल्या कातडीत टी-पेशींचा कायमचा पहारा असतो. निरोगी माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या रक्तातल्या त्याच पेशींपेक्षाही जास्त भरते. यातलीच एखादी पेशी बिघडून तिची पिलावळ वाढू लागली की त्याला कातडीचा टी-पेशी लिम्फोमा म्हणतात. यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. फ्रान्समधले वैद्य झाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचा पहिला रुग्ण नोंदवला. त्या रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या म्हणून हे नाव पडलं, पण बुरशीचा या रोगाशी काही संबंध नाही. अमेरिकेत कातडीच्या टी-पेशी लिम्फोमाचे दरवर्षी दहा लाखांत सहा-सात नवे रुग्ण सापडतात. मुळशी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख ७० हजारांच्या आसपास होती. तोच दर इथे लावला तर अख्ख्या तालुक्यात वर्षाला एखादा रुग्ण निघेल, कधी तोही नाही. म्हणजे रोग विरळ आहे, आणि विरळ असणं हीच त्याची अडचण. गावच्या डॉक्टरांनी तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो.

शिवाय सावळ्या कातडीवर त्याचं रूप पुस्तकातल्या चित्रासारखं नसतं. युरोपातल्या गोऱ्या रुग्णाच्या अंगावर लालसर, खवल्यांचे डाग येतात. आपल्याकडे, विशेषतः मुलं आणि तरुण यांच्यात, तो पुष्कळदा फिकट चट्ट्यांच्या रूपात येतो. कंबर, मांड्या, कुल्ले, पाठ, म्हणजे कपड्याखाली झाकलेला भाग. खाज असते किंवा नसते. ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीत अंगावर असा चट्टा दिसला की पहिला अंदाज शिब्यांचा. ट्यूब लावून गेले नाहीत तर मग कोड असेल का, ही धास्ती. आणि आशाताई घरोघरी कुष्ठरोग शोधमोहिमेवर आल्या की त्या कापसाच्या बोळ्यानं किंवा पेनाच्या टोकानं हळूच स्पर्श करून विचारतात, ‘कळतंय का?’ जगातल्या निम्म्याहून जास्त नव्या कुष्ठरुग्णांची नोंद अजूनही भारतात होते. त्यामुळे फिकट चट्टा दिसला की बधिरपणा तपासणं हेच योग्य आहे. लिम्फोमाच्या चट्ट्यात स्पर्श कळतो. कुष्ठरोग नाही असं ऐकून माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि घरी जातो. चट्टा तिथेच असतो.

मग निदान होतं कधी? परदेशातल्या मोठ्या केंद्रांतही पहिल्या डागापासून पक्क्या निदानापर्यंत सरासरी तीन-चार वर्षं जातात. त्वचारोगतज्ज्ञ भूल देऊन चार मिलिमीटर व्यासाच्या पंचनं कातडीचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून पाठवतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या थरात घुसलेल्या टी-पेशी शोधतात. सुरुवातीच्या तुकड्यात त्या इतक्या थोड्या असतात की साध्या इसबापासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. दोनदा, तीनदा तुकडा काढावा लागतो. दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब त्या भागावर चोळलेली असेल तर या पेशी तात्पुरत्या दबलेल्या असतात आणि अहवाल गोंधळाचा येतो.

विषाणूचा संशय आला तो या पेशींच्या वागण्यावरून. टी-पेशी उगाच विभागत नाहीत. समोर परकं काहीतरी दिसलं तरच त्या वाढतात. वर्षानुवर्षं एकाच जागी त्या वाढत राहतात, तर कोणीतरी त्यांना सतत डिवचत असणार, ही डॉक्टरांची अटकळ फार जुनी. कोंबडीत टी-पेशींचा लिम्फोमा विषाणूनं होतो हे १९६७ पासून माहीत होतंच. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, कोपनहेगनच्या एलरमान आणि बांग यांनी कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोग गाळलेल्या रसातून दुसऱ्या पक्ष्याला देता येतो हे दाखवलं होतं. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीबाबत तेच केलं. राउस यांना त्यासाठी नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. माणसाच्या कर्करोगाच्या संशोधनात कोंबडी नेहमीच दोन पावलं पुढे राहिली आहे.

माणसातला पुरावा १९८० मध्ये आला, आणि गंमत अशी की तो आला कातडीच्या लिम्फोमाच्या नावानं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड पॉइझ आणि फ्रँक रुसेटी हे एका तरुण रुग्णाच्या टी-पेशी बाटलीत वाढवत होते. त्याचं निदान मायकोसिस फंगॉइडिस असं लिहिलेलं होतं. त्या पेशींतून एक रेट्रोव्हायरस बाहेर पडताना दिसला. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही-१. तेव्हा एचआयव्हीचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांना वाटलं, चोर सापडला.

पण १९७७ मध्येच जपानमध्ये ताकात्सुकी, उचियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा रोग ओळखला होता. मोठ्या वयात होणारा टी-पेशींचा रक्तकर्करोग, रुग्ण बहुतेक क्यूशू बेटाकडचे, अनेकांच्या कातडीवर गाठी आणि चट्टे. तिथल्या हिनुमा यांनी १९८१ मध्ये त्या रोगात विषाणू शोधला. तो आणि गॅलोंचा विषाणू एकच निघाला. मागे वळून पाहता गॅलोंच्या त्या रुग्णालाही बहुधा हाच जपानी आजार होता, मायकोसिस फंगॉइडिस नव्हे. कातडी सारखी दिसली म्हणून नाव चुकलं होतं.

या जपानी आजारात, म्हणजे एटीएलमध्ये, विषाणूचा दोष कसा पक्का झाला ते नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं याच निकषावर आहेत. रेट्रोव्हायरस आपली जनुकं पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. माणसाच्या डीएनएत तीनशे कोटी अक्षरं आहेत आणि त्यात तो कुठेही बसू शकतो. एटीएलच्या एका रुग्णाच्या लाखो कर्कपेशी तपासल्या तर प्रत्येकीत विषाणू नेमका त्याच जागी बसलेला सापडतो. मुळशीत जमीन घेणारा आधी सातबारा काढून गट नंबर पाहतो, तसा हा पत्ता आहे. सगळ्या पेशींच्या उताऱ्यावर एकच गट नंबर असेल तर विषाणू मूळ पेशीत, वाढ सुरू व्हायच्या आधीच शिरला होता. वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे पत्ते निघाले, किंवा निम्म्या पेशींत विषाणूच नसला, तर तो मागाहून शिरलेला पाहुणा. विषाणू नुसता ‘सापडला’ म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. आपल्या अंगात असे किती विषाणू निवांत राहतात याची गणती नाही.

एचटीएलव्ही-१ बाळगणारी माणसं जगात ५० लाख ते एक कोटी असावीत असा अंदाज आहे. दक्षिण-पश्चिम जपान, कॅरिबियन बेटं, आफ्रिकेचे काही भाग, इराणमधलं मशहद, मध्य ऑस्ट्रेलिया अशी त्याची ठिकाणं आहेत. आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून आणि रक्तातून तो पसरतो. लागण झालेल्यांपैकी आयुष्यभरात एटीएल होतो तो तीन ते पाच टक्क्यांना, तोही बहुधा चाळीस-पन्नास वर्षांनी. जपाननं गरोदर स्त्रियांची तपासणी देशभर सुरू केली आणि लागण असलेल्या आईला स्तनपानाबाबत सल्ला द्यायला सुरुवात केली. भारतात हा विषाणू विरळ आहे. एटीएलचे रुग्ण अधूनमधून, जास्त करून दक्षिणेकडून, नोंदवले गेले आहेत. आपल्या रक्तपेढ्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गरमी आणि हिवताप तपासतात. एचटीएलव्हीची चाचणी त्या सक्तीच्या यादीत नाही. आजचं प्रमाण पाहता ते समजण्यासारखं आहे, पण पुण्यातल्या एखाद्या रुग्णाला कातडीचा लिम्फोमा आणि जोडीला रक्तात वाढलेलं कॅल्शियम असेल, तर एचटीएलव्ही-१ ची चाचणी करून घ्यायला हवी. एटीएल निघाला तर उपचार आणि पुढची वाटचाल दोन्ही बदलतात.

मग खऱ्या मायकोसिस फंगॉइडिसचं काय? गॅलोंच्या शोधानंतर दहा-पंधरा वर्षं लोक त्याच विषाणूचा माग काढत राहिले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथिया झुकर-फ्रँकलिन यांनी रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशी वाढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एचटीएलव्हीसारखे कण पाहिल्याचं छापलं. त्याच सुमारास विषाणूचे मोडके तुकडे, म्हणजे पूर्ण जनुकसंच नव्हे तर त्यातला एखादाच भाग, रुग्णांच्या कातडीत सापडल्याचेही निबंध आले. कल्पना आकर्षक होती. विषाणू आपलं काम करून निघून गेला आणि मागे फक्त दुखरा तुकडा सोडून गेला. पण इतरांनी तीच तपासणी केली की कधी सापडे, कधी नाही. पीसीआरच्या तीक्ष्णपणाचा प्रश्न इथेही होता. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांचे नमुने एकत्र तपासून निकाल छापला गेला, आणि तो सरळ होता: मायकोसिस फंगॉइडिसचा एचटीएलव्ही-१ शी संबंध नाही.

माझ्या मते तिथेच हा विशिष्ट खटला संपला. तरीही आजसुद्धा काही लेखांत ‘मोडक्या विषाणू’चा उल्लेख ताज्या बातमीसारखा येतो.

यानंतर शोधाची पद्धतच बदलली. एखाद्या विषाणूचं नाव ठरवून त्याचा माग काढण्याऐवजी गाठीतली सगळी जनुकीय अक्षरं वाचायची, त्यातून माणसाची वजा करायची आणि उरेल ते पाहायचं. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेनं मर्केल पेशींच्या कर्करोगात हेच केलं. कातडीचा हा दुसरा, वेगळा आणि फार आक्रमक कर्करोग. उरलेल्या अक्षरांत एक अनोळखी विषाणू निघाला. दहापैकी आठ गाठींत तो होता, आणि पेशींत एकाच पत्त्यावर बसलेला होता. म्हणजे ही पद्धत चालते. तीच नजर मायकोसिस फंगॉइडिसच्या गाठींवर लावली तेव्हा असा कोणताही विषाणू सगळ्या रुग्णांत सारखा वर आला नाही. उलट २०१५ मधल्या जनुकवाचनात अनेक बदलांवर सूर्याच्या अतिनील किरणांची खूण दिसली. रोग झाकल्या भागावर जास्त, आणि जनुकांवर खूण उन्हाची! याचा उलगडा अजून नीट झालेला नाही.

कातडीच्या सगळ्याच लिम्फोमांना विषाणूपासून मोकळं करता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. एपस्टाइन-बार विषाणू घ्या. १९६१ मध्ये युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांचं लंडनमधलं व्याख्यान अँथनी एपस्टाइन यांनी ऐकलं, आणि १९६४ मध्ये बर्किटच्याच रुग्णांच्या गाठींतून एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पकडला. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या अंगात तो असतो. लहानपणी साध्या तापासारखा येऊन गेलेला असतो. पण नाकातून सुरू होणारा आणि कातडीवर व्रण आणणारा एनके/टी-पेशींचा लिम्फोमा आशियात आणि लॅटिन अमेरिकेत जास्त दिसतो, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कर्कपेशीत हा विषाणू असतो. ईबर नावाची चाचणी केली की काचपट्टीवर पेशींची केंद्रकं गडद रंगानं उठून दिसतात. ही चाचणी आपल्या मोठ्या प्रयोगशाळांत नेहमीची आहे.

याच विषाणूचा आणखी एक विचित्र आजार मुलांमध्ये होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या गालांवर, कानांवर, हाताच्या पाठीवर फोड येऊन खड्डे पडतात. काही मुलांना तर डास चावला की जागा प्रचंड सुजते, काळी पडते आणि ताप चढतो. जपान, कोरिया, चीन, मेक्सिको आणि पेरू इथल्या मुलांत हे जास्त नोंदवलं आहे. बहुतेक मुलांत तो हळूहळू चालतो, पण काहींत वर्षांनंतर पूर्ण लिम्फोमा होतो. डास चावल्यावर गुडघ्याएवढी सूज येणारी मुलं मुळशीतही असतील आणि बहुसंख्यांना साधी ॲलर्जीच असेल. पण दरवेळी ताप आणि काळा व्रण असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

संशयाची सुई अलीकडे विषाणूवरून जिवाणूकडे सरकली आहे. मायकोसिस फंगॉइडिसच्या पुढच्या टप्प्यात कातडी फाटते आणि तिच्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू वस्ती करतो. त्याची विषं टी-पेशींना घाऊकपणे चाळवतात. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या नील्स ओडुम आणि सहकाऱ्यांनी अशा मोजक्या गंभीर रुग्णांना जोरदार प्रतिजैविकं दिली, तर कर्कपेशींची हालचालच मंदावली. जिवाणूनं रोग सुरू केला असं यातून सिद्ध होत नाही. पेटलेल्या रोगात तो भर घालतो एवढं दिसतं. युरोपच्या काही भागांत कातडीच्या बी-पेशींच्या लिम्फोमात गोचिडीतून येणारा बोरेलिया सापडला, अमेरिकेत सापडला नाही. म्हणजे ठिकाण बदललं की आरोपीही बदलू शकतो. एका देशातला पुरावा दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही.

म्हणूनच आपल्या रुग्णांची आपल्याकडे तपासणी होणं महत्त्वाचं. पाषाणच्या सूस रस्त्यावर, जो पुढे मुळशीच्या हद्दीकडे जातो, राष्ट्रीय विषाणू संस्थेचं संकुल आहे. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशननं पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, १९७८ मध्ये त्याचं नाव बदललं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा गोचिडीतून येणारा नवा विषाणू याच संस्थेनं शोधला. २०२० मध्ये भारतातल्या रुग्णातल्या करोना विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं पहिलं छायाचित्र इथलंच. तिथला भर साथीच्या रोगांवर असणं स्वाभाविक आहे. कातडीच्या लिम्फोमासारख्या विरळ रोगासाठी मात्र वेगळी रचना लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांकडे रुग्ण आणि तुकडे जमतात, विषाणूशास्त्रज्ञांकडे जनुकवाचनाची हातोटी असते. हे दोन्ही एकत्र आणून भारतीय रुग्णांतले फिकट चट्टे अक्षर-अक्षर वाचले पाहिजेत. हे फिकट रूप आपल्याकडे आणि इतर सावळ्या समाजांत जास्त, त्यात बहुधा वेगळ्या जातीच्या टी-पेशी, आणि त्याचा प्रवासही सौम्य. त्यामागचं कारण गोऱ्या रुग्णांच्या गाठी वाचून कळणार नाही.

घरच्यांसाठी यातला कामाचा भाग वेगळाच आहे. विषाणू, लागण, चट्टा हे तीन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडे ताट-वाटी वेगळी होते. कुष्ठरोगाच्या बाबतीत तेही अनाठायीच होतं, कारण उपचार सुरू झाल्यावर कुष्ठरोगी लागण पसरवत नाही. लिम्फोमाच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. कातडीचा लिम्फोमा एकाकडून दुसऱ्याला होत नाही. शेजारी झोपल्यानं, एका पंच्यानं अंग पुसल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. उद्या एखादा विषाणू दोषी ठरलाच तरी यात फरक पडणार नाही. एटीएलमध्येसुद्धा विषाणू पसरतो, कर्करोग पसरत नाही, आणि तो विषाणूही घरातल्या साध्या सहवासानं पसरत नाही.

सुरुवातीच्या टप्प्यातला मायकोसिस फंगॉइडिस हा जीवघेणा आजार नाही. बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं नेहमीसारखं आयुष्य जगतात. फिकट चट्ट्यांना नॅरोबँड यूव्हीबी किरणांचा चांगला उपयोग होतो, आणि ही किरणपेटी पुण्यातल्या अनेक त्वचारोग विभागांत कोडाच्या रुग्णांसाठी आधीपासून आहे. गाठी येईपर्यंत थांबलं की मग औषधं जड होतात आणि खर्चही.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. झाकल्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, स्पर्श कळत असेल आणि सहा महिन्यांत तो गेला नसेल, तर मेडिकलमधून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब स्वतःच्या मनानं आणू नका. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जुनी सगळी मलमं बरोबर न्या. डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितला तर काढू द्या. पहिला अहवाल ‘साधं इसब’ असा आला आणि चट्टा तरीही राहिला, तर काही महिन्यांनी पुन्हा तुकडा काढायला तुम्ही स्वतःहून सांगा.